सौजन्याचा फोन

क्लोव्हर फेसी नाश्त्याचं ताट घेऊन खिडकीजवळ बसली, मग उठून दाराजवळ बसली, आणि तिथूनही उठली. ताटातला अॅकीचं फळ घातलेला खारा मासा कधीच निवला होता. हॉटेलातला वाढपी तिच्याकडे वळून वळून बघायला लागला, म्हणून तिनं त्याला उगाचच पुदिन्याचा चहा आणायला सांगितलं आणि तो यायच्या आत पुन्हा जागा बदलली.

खरं तर आजचा दिवस तिचा होता. स्वतंत्र प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांचा संघ दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीत उत्तर किनाऱ्यावरच्या याच हॉटेलात जमतो आणि यंदा इथेच तिची अध्यक्षपदी निवड व्हायची होती. तिच्याविरुद्ध कोणी उभं नव्हतं. हिरवा सूट शिवून झाला होता, केस बसवून घेतले होते, भाषण तोंडपाठ होतं. किंग्स्टनमधल्या तिच्या शाळेच्या कुंपणावर एक भलामोठा फलक आहे. सहावीच्या परीक्षेनंतर ज्या मुलांना बड्या हायस्कुलांत जागा मिळते, त्यांचे हसरे फोटो त्यावर लागतात. दर वर्षी फोटो वाढत गेले आणि फलक लांबत लांबत फाटकापर्यंत आला. लोक म्हणत, क्लोव्हरला अध्यक्ष त्या फलकानंच केलं. त्यात खोटं काही नव्हतं.

तिचा जीव टांगणीला लावला तो आयोनी विंटरनं, आणि तोही हसत हसत. आयोनी ही लिनस्टेडच्या एका छोट्या शाळेची मुख्याध्यापिका आणि संघाची जुनी चिटणीस. जिभेवर कधी साखर नाही, पण क्लोव्हरची मैत्रीण म्हणावी अशी तीच. नाश्त्याच्या रांगेत उकडलेली केळी ताटात घेता घेता ती म्हणाली,

"अगं, यंदा संस्थापकांची प्रार्थना कोण वाचणार, कळलं का? तुझाच पोरगा."

"माझा कुठला?"

"तुझा होता, आता अल्वारांगाचा झाला. पोर्टमोरचा तो नवीन मेंबर नाही का, चष्मेवाला? त्यानं आणलाय. केमार ब्रिसेट. काल संध्याकाळपासून सगळ्यांना सांगत सुटलाय, मिस फेसींनी त्यांच्या शाळेतलं रत्न मला दिलं म्हणून. काय गं, रत्नं कधीपासून वाटायला लागलीस? निवडणुकीत तर तुझ्याविरुद्ध कोणी उभंही नाही."

क्लोव्हर हसली. हसावं लागलं. आणि तेव्हापासून तिच्या पायाला जी भिंगरी लागली ती थांबेना, कारण केमार ब्रिसेटला वाचता येत नव्हतं.

म्हणजे अक्षरं येत होती. छोटे छोटे शब्दही येत होते. पण एक अख्खी ओळ समोर आली की पोरगं चिखलात चाक रुतावं तसं रुतायचं. चौथीत होता, तरी. चौथीपर्यंत तो असाच आला आणि तिच्या शाळेत कोणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही, कारण दंगा करणारा नव्हता. आई टोरांटोला परिचारिका, पोर मावशीकडे. फी वेळेवर यायची. पण नाताळाच्या आधी शाळेच्या मंडळाच्या अध्यक्षांनी चौथीचे निकाल चाळले, त्याच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मिस फेसी, हा सहावीपर्यंत आपल्याकडे राहणार आहे का?" ते एवढंच म्हणाले. पुढचं तिला न सांगता कळायचं, म्हणून तर ती त्या खुर्चीवर इतकी वर्षं टिकली होती.

आता संघाची एक रीत सांगायला हवी. एका शाळेतलं मूल दुसऱ्या शाळेत जाणार असेल, तर आधीच्या मुख्याध्यापकानं नव्या मुख्याध्यापकाला स्वतः फोन करायचा. याला ते सौजन्याचा फोन म्हणतात. त्या फोनवर मुलाबद्दल फक्त चांगलं बोलायचं. संघ काढणारी माणसं भली होती. एकदा वाईट शेरा बसला की तो मुलाच्या मागे मागे फिरतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं, म्हणून त्यांनी ही रीत घातली. पण माणसाच्या हातात चांगली रीत दिली की तो तिचं काय करेल याचा नेम नाही. हळूहळू या फोनवरून नको असलेली मुलं एकीकडून दुसरीकडे जाऊ लागली, आणि तीही अगदी गोड शब्दांत. जुनी मंडळी हुशार. ती बोललेलं ऐकत नसत, न बोललेलं ऐकत. गणिताचं नाव निघालं नाही, की समजायचं. वाचनाचं नाव निघालं नाही, की समजायचं. मग घ्यायचं तर घ्यायचं, नाहीतर "अरेरे, माझ्याकडे वर्ग भरलाय" म्हणून मोकळं व्हायचं. कोणाचंच वाईट दिसत नसे.

लेटन अल्वारांगा नवा होता. त्याला ऐकायचं कसं ते कोणी शिकवलेलं नव्हतं. फोनवर त्यानं सरळ विचारलं, "आणि वाचन कसं आहे हो त्याचं?"

असं कोणी विचारत नाही. क्लोव्हर क्षणभर गडबडली आणि मग म्हणाली, "पुस्तक हातात घेतलं की खाली ठेवतच नाही." हे खोटंही नव्हतं. पोरगं एकच पान घेऊन तासभर बसायचं. पण तिकडून अल्वारांगाचा आवाज असा काही खुलला, की तिच्या जिभेला मोकळं रान मिळालं. "काय सांगू तुम्हाला, माझ्या शाळेतला सर्वांत गुणी मुलगा. माझा जीव तुटतोय त्याला पाठवताना. पण पोर्टमोरहून रोज येतं बिचारं, बसमध्येच दमून जातं. तुमची शाळा घराजवळ आहे, म्हणून हो." जानेवारीत मुलगा गेला. जाताना त्याच्या मावशीनं क्लोव्हरला रताळ्याचं पुडिंग करून आणून दिलं, डोळ्यांत पाणी आणून आभार मानले. ते पुडिंग क्लोव्हरनं शिक्षकांच्या खोलीत ठेवून दिलं. तिच्या घशाखाली उतरलं नसतं.

आणि आता तोच मुलगा अख्ख्या बेटावरच्या मुख्याध्यापकांसमोर उभा राहून वाचणार होता.

चहा आला तेव्हा ती नाश्त्याच्या खोलीत नव्हतीच. ती सभागृहात जाऊन आली. तिथे एक माणूस ध्वनिक्षेपकावर "हॅलो, हॅलो" करत होता. व्यासपीठावरच्या उंच वाचनपीठामागे कोणीतरी लाकडी खोकं ठेवलेलं होतं, मुलाला उभं राहायला. ते खोकं बघून ती मागच्या मागे वळली. ती तिथून निघाली ती पोहण्याच्या तळ्याकडे आली, आणि तळ्याच्या पलीकडे, बदामाच्या झाडाखाली, तिला तो दिसला. इस्त्रीची खाकी, गळ्यात पोर्टमोरच्या शाळेचा लाल टाय. हातात कागद. ओठ हलत होते. मध्येच तो थांबायचा, कागद डोळ्यांजवळ न्यायचा, लांब न्यायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. क्लोव्हर खांबाआड झाली. पन्नाशी ओलांडलेली बाई, हिरव्या सुटात, एका दहा वर्षांच्या पोराला दिसू नये म्हणून खांबाआड उभी होती. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती, आणि तरीही ती पुढे झाली नाही.

अल्वारांगा तिला स्वागतकक्षात सापडला, पण एकटा नव्हता. माँटेगो बेच्या दोन जाडजूड मुख्याध्यापकांच्या मध्ये उभा राहून तो हातवारे करत बोलत होता. ती दिसताच म्हणाला, "या, या! ह्या बघा मिस फेसी. मी सांगत होतो ना."

"मुलगा दिल्याचं ऐकलं," त्यातला एक जण म्हणाला. "आम्हाला तर बाई तुम्ही कधी असं काही देत नाही. गेल्या वर्षी मला दिलात, तो खिडकीतून उड्या मारतो."

दुसरा खो खो हसला. क्लोव्हरही हसली. अल्वारांगा मात्र तिच्याकडे नुसता बघत राहिला, चष्म्यातून, शांतपणे. तिला वाटलं, आत्ता बोलावं. एक मिनिट इकडे येता का, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते "हवा छान आहे नाही आज," आणि ती तिथून बाहेर पडली.

बाहेर आयोनी रजिस्टर, बिल्ले, पाण्याच्या बाटल्या असला सगळा संसार टेबलावर मांडून बसली होती. क्लोव्हर तिच्या शेजारी बसली, उठली, पुन्हा बसली.

"तुला मुंग्या चावतायत का?" आयोनी म्हणाली.

"आयोनी, त्या पोराला वाचता येत नाही."

आयोनीनं हातातला बिल्ला खाली ठेवला. "कोणत्या? केमारला?" मग तिला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. "आणि तू काय सांगितलंस? फोनवर?"

"सर्वांत गुणी मुलगा म्हणून सांगितलं."

"अगं देवा. मला सांगितलं असतंस तर मला कळलं असतं. 'सर्वांत गुणी' म्हटलं की मी लगेच बघते, आमच्या खिडक्यांना गज आहेत ना. त्या बिचाऱ्याला काय कळणार? त्यानं बायबलावर ठेवावा तसा तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ऐक. प्रार्थना आधी आहे, निवडणूक नंतर. ते पोर वर उभं राहून अडखळलं, की सगळं सभागृह विचारणार, हा कुठून आला. म्हणजे तू पडशील तोंडघशी, आणि त्याची शोभा होईल ती वेगळीच. पोराला बरं वाटत नाही म्हणून सांग. उलटी झाली म्हण. मी वाचते प्रार्थना, मला पाठ आहे. अल्वारांगाला तू गाठ, बाकी मी बघते."

किती सोपं होतं. एक छोटंसं खोटं, आणि तेही मुलाच्या भल्याचं. क्लोव्हर उठली तेव्हा तिला अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं. पण हॉटेलच्या लांबलचक व्हरांड्यात, एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे बंद दारं, अशी ती चालत राहिली आणि ओझं परत आलं. फोनवर ती बोलली तेही मुलाच्या भल्याचंच होतं ना? शाळा घराजवळची, वर्ग छोटे. ते बोलतानाही तिनं स्वतःला असंच समजावलं होतं.

अल्वारांगा तिला व्हरांड्याच्या टोकाला भेटला. या वेळी एकटा. केमारचा डबा आणि पाण्याची बाटली हातात धरून उभा होता.

"मिस्टर अल्वारांगा," ती म्हणाली, "केमारला..." बरं वाटत नाहीये, हे शब्द ओठांपर्यंत आले. "केमारला वाचता येत नाही."

"माहितीये," तो म्हणाला.

समुद्राकडून वारा येत होता. तिनं केस सारखे केले, ते पुन्हा उडाले.

"माहितीये?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं. वर्गावर गेलो, पुस्तक हातात दिलं, कळलं. तुम्हाला फोन लावायला घेतला होता, मिस फेसी. चार शब्द सुनावणार होतो. मग ठेवून दिला. संघाच्या फोनवर वाईट बोलायचं नसतं ना." तो हसला नाही. "मग आयोनीबाईंच्या शाळेतल्या एका शिक्षकानं मला सगळं समजावून सांगितलं. तुमच्यात कसं बोलतात आणि कसं ऐकतात ते. मी म्हटलं, बरं झालं, पुढच्या वेळी बोललेल्याला बहिरा होईन."

"मला माफ करा," क्लोव्हर म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि शब्द मात्र अगदीच किरकोळ वाटले.

"माफीचं राहू दे. पण चूक माझीही झाली, ती ऐका. तो आला त्या पहिल्याच दिवशी, मला काही कळायच्या आत, मी त्याला सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर उभं केलं. म्हटलं, मुलांनो, हा केमार. मिस फेसी म्हणतात, हा त्यांच्या शाळेतला सर्वांत गुणी मुलगा. पोरगं माझ्याकडे असं बघत राहिलं, की मी दुसऱ्याच कोणाचं नाव घेतलं की काय असं मला वाटलं. तेव्हापासून सकाळी माझ्या आधी येऊन पायरीवर बसलेला असतो. वाचायचंय म्हणतो. म्हणून तर इथेही मी सगळ्यांना तेच सांगत फिरतोय. आता तुम्ही सांगा, कुठल्या तोंडानं मी त्याला सांगू, की ते खोटं होतं म्हणून?"

"नका सांगू. पण आज त्याला वर पाठवू नका. त्याची लाज निघेल."

"त्याची का तुमची?"

दोघांचीही, असं म्हणायला तिचं तोंड उघडेना.

"प्रार्थना वाचायचं काम मी त्याला दिलेलं नाही," अल्वारांगा म्हणाला. "त्यानं मागून घेतलंय. मी नको म्हणत होतो. तेव्हा तो काय म्हणाला माहितीये? म्हणाला, मिस फेसी येणार आहेत ना तिथे." त्यानं बाटली बगलेत मारली. "मी सभागृहात कोणाला काही सांगणार नाही, काळजी करू नका. तुम्ही फक्त पुढच्या रांगेत बसा. त्याला दिसाल अशा."

सभागृह भरलं. थंड हवेच्या यंत्रानं सगळ्यांना गारठवून टाकलेलं, बायकांनी खांद्यांवर शाली ओढल्या. क्लोव्हर पहिल्या रांगेत बसली. तिचा गुडघा हलत होता. हातानं दाबला तर दुसरा हलायला लागला. आयोनीनं व्यासपीठावरून तिच्याकडे प्रश्नार्थक पाहिलं, क्लोव्हरनं नकारार्थी मान हलवली. आयोनीनं खांदे उडवले आणि नाव पुकारलं.

केमार खोक्यावर चढला. वाचनपीठाच्या वर त्याचं डोकं आणि टायची गाठ एवढंच दिसत होतं. त्यानं कागद पसरला, बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं आणि सुरुवात केली.

"आम्ही... मुलांचे... रा... राख..."

"राखणदार," मागून कुणीतरी म्हणालं.

त्यात वाईट हेतू नव्हता. शिक्षकाचा जन्म, पोर अडलं की तोंडातून शब्द निघतोच. पुढच्या शब्दाला चार ठिकाणांहून शब्द आला, त्याच्या पुढच्याला अख्ख्या रांगा कुजबुजल्या. केमारनं मान वर केली. त्याचं बोट कागदावरून सुटलं होतं. तेवढ्यात भिंतीजवळ उभा असलेला अल्वारांगा पुढे आला, सभागृहाकडे तोंड केलं आणि तळहात वर धरला. बेटावरच्या सगळ्या मुख्याध्यापकांना त्यानं वर्गातल्या मुलांसारखं गप्प केलं.

मग फक्त यंत्राची घरघर आणि त्या मुलाचा आवाज. एक शब्द, मग थांबणं. पुन्हा एक शब्द. छोटीशी प्रार्थना, आयोनी ती एका दमात म्हणते. क्लोव्हरला वाटलं, ही कधी संपणारच नाही. उठून त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी दार उघडून समुद्रापर्यंत पळत सुटावं असंही वाटलं. कोणीतरी खोकलं. कोणीतरी घड्याळ बघितलं. केमार प्रत्येक शब्दाला भिडत होता. एका लांबलचक शब्दाशी तो खूप वेळ झुंजला. तो शब्द त्यानं सर केला, पुढचा एक सोडून दिला, आणि शेवटच्या ओळीवर आला.

"आमच्या... दारातून... कोणतेही... मूल... स्वतःला... कमी... समजून... बाहेर... जाणार... नाही."

"आमेन," सभागृह म्हणालं. काहींनी मनापासून म्हटलं, काहींनी सुटल्यासारखं. केमारनं कागदाची घडी केली, पहिल्या रांगेत नजर फिरवली, क्लोव्हरला शोधलं आणि मगच खोक्यावरून उतरला.

तिच्या मागच्या रांगेत माँटेगो बेचा तो जाडजूड माणूस शेजारच्याच्या कानात म्हणाला, पण ऐकू येईल असं, "हा फेसीचा सर्वांत गुणी? मग त्या फलकावर कोण असतात हो?" शेजारचा फिसकन हसला. ते हसू रांगेरांगेनं मागे गेलं. जुन्या मंडळींना सगळं कळलं होतं. ऐकायची सवय होतीच त्यांना.

आयोनीनं चहाची सुट्टी जाहीर केली आणि सांगितलं की चहानंतर लगेच निवडणूक. क्लोव्हर चहाकडे गेली नाही. ती बाजूच्या दारानं बाहेर पडली, आणि बाहेरच्या पायरीवर केमार बसलेला होता. टाय सैल केलेला, मांडीवर डबा, डब्यात ईस्टरचा गोड बन आणि त्यात चीजचा जाडजूड काप. तिला बघताच तो उभा राहिला.

"गुड मॉर्निंग, मिस फेसी."

"बस, बाळा. खा."

तो बसला, पण खाल्लं नाही. "मिस, मी वाचलं."

"ऐकलं मी. सगळं ऐकलं."

"एक शब्द राहिला. पाठ केला असता तर आला असता, पण सर म्हणाले, पाठ करायचं नाही, वाचायचं." त्यानं बनातली एक मनुका नखानं काढली. "मिस, सरांनी सांगितलं मला. तुम्ही फोनवर म्हणालात, मी तुमच्या शाळेतला सर्वांत गुणी मुलगा."

"हो. म्हणाले होते."

"मला कधी नाही सांगितलंत."

तो तक्रार करत नव्हता. त्याला खरंच नवल वाटत होतं. क्लोव्हरला त्याच्याकडे बघवेना. ती समोरच्या हिरवळीकडे बघत राहिली. तिथे एक माळी पाण्याची नळी ओढत चालला होता.

"मग मला पाठवलं कशाला, मिस?"

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. अध्यक्षपदाच्या भाषणात तिनं मुलांबद्दल कितीतरी वाक्यं पाठ केलेली होती. त्यातलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. केमारनं थोडी वाट पाहिली, मग गणित सोडवावं तसं स्वतःच पुढे मांडायला लागला.

"तुम्हाला माहीत होतं ना, मला वाचता येत नाही ते?"

"माहीत होतं."

"मग ते खोटं होतं."

"हो," क्लोव्हर म्हणाली. "खोटं होतं. तू जावास म्हणून मी तसं बोलले. तुला शिकवायचं काम माझं होतं, केमार. ते मी केलं नाही आणि तुलाच घालवून दिलं. चूक माझी होती. तुझी नव्हती, एवढीसुद्धा नव्हती."

तो रडला नाही. रडला असता तर तिला निदान काही करता आलं असतं. दारातून सभागृहाचा कोपरा दिसत होता. तिथे अल्वारांगा हातात कप घेऊन कुणाशी तरी बोलत होता, आणि मधूनमधून मान वळवून पायरीकडे बघत होता. केमारनं त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि जवळ सरकून अगदी हळू आवाजात म्हणाला,

"मिस, सरांना सांगू नका हं. त्यांना खरं वाटतंय."

दारातून अल्वारांगानं पुन्हा एकदा मान वळवली.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

"शप्पथ?"

"शप्पथ."

आयोनी दारात आली. "क्लोव्हर, अगं चल, सगळे बसले. तुझ्यासाठी खोळंबलेत."

केमारनं बनाचे दोन तुकडे केले, चीजचा मोठा काप असलेला तुकडा तिच्या हातात दिला आणि पायरीवर तिला बसायला जागा करून दिली. क्लोव्हर बसली. आयोनीनं पुन्हा हाक मारली, पण ती उठली नाही.